संकल्प सिद्धीस नेणारा बॅरिस्टर

रमजानमध्ये रोजाची सुरुवात नीयत करून होते. पहाटे सहेरी आटोपली की रोजेदार मनाशी ठरवतो, आजचा रोजा मी ठेवणार. यालाच आपण संकल्प म्हणू. पण नुसत्या नीयतीने रोजा पूर्ण होत नाही. त्यानंतर सूर्य मावळेपर्यंतचा अख्खा दिवस काढावा लागतो आणि तो दुकान, शेत, शाळा, कचेरी सांभाळून काढावा लागतो. दुपारी घशाला कोरड पडते तेव्हा पहाटेच्या नीयतीची खरी परीक्षा होते. माणसाच्या आयुष्यातल्या ध्येयांचेही असेच आहे. ठरवणारे पुष्कळ असतात, दुपार काढणारे थोडे.

अशी दुपार काढलेल्या एका मुंबईकराची ही गोष्ट आहे. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. मुंबई हायकोर्टातले पहिले भारतीय बॅरिस्टर, अंजुमन-ए-इस्लाम या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक, काँग्रेसचे तिसरे आणि पहिले मुस्लिम अध्यक्ष, आणि १८९७ साली लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायाधीश. शाळेच्या पुस्तकात त्यांचे नाव एखाद्या ओळीत येते आणि संपते. त्या ओळीमागे जवळजवळ चाळीस वर्षांची मेहनत आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःसाठी ठरवलेली एक गोष्ट पुढे हजारो मुलांच्या उपयोगी कशी पडली, हे समजून घ्यायचे तर त्या वर्षांकडे पाहावे लागते.

घरातला वारा

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. घराणे सुलेमानी बोहरा पंथाचे, मूळचे अरब आणि पुढे गुजरातच्या खंबायत बंदरात स्थायिक झालेले. वडील मुल्ला तय्यबअली व्यापारी होते. व्यापारानिमित्त परदेशी माणसांशी रोजचा संबंध येत असे. जग कोणत्या दिशेने चालले आहे हे त्यांना दुकानात बसूनच कळले होते.

तो काळ कसा होता, हे आधी पाहायला हवे. इंग्रजी शिकले की मुलगा धर्माला मुकतो, अशी धास्ती त्या वेळी अनेक मुस्लिम घरांत होती. हिंदू समाजातही परिस्थिती फार वेगळी नव्हती. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त घ्यावे लागण्याचे ते दिवस. अशा वेळी तय्यबअलींनी आपल्या मुलांना शिकायला थेट युरोपात पाठवायचे ठरवले. हे करताना त्यांनी धर्माचे शिक्षणही सोडले नाही. बद्रुद्दीन आधी दादा मखरा यांच्या मदरशात उर्दू आणि फारसी शिकले, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले. एका हातात कुराण आणि दुसऱ्या हातात इंग्रजी पुस्तक, यात त्या घराला विसंगती वाटली नाही.

या कुटुंबाची आणखी एक सवय सांगण्यासारखी आहे. घरची बोली गुजराती होती. मात्र देशातल्या इतर मुसलमानांशी जोडले जायचे तर उर्दू यायला हवी, असे तय्यबअलींना वाटले आणि घराने जाणूनबुजून उर्दूचा स्वीकार केला. पुढे या घराण्यात ‘अखबार’ नावाच्या वह्या ठेवल्या जाऊ लागल्या. रोजच्या घडामोडी, आलेगेले पाहुणे, प्रवास, आजारपण असे काहीबाही घरातली माणसे, त्यांत बायका आणि मुलेही, त्या वहीत उर्दूत लिहीत. पिढ्यान्‌पिढ्या हा रिवाज चालला. ठरवलेले लिहून ठेवायचे आणि घडलेले नोंदवायचे, ही शिस्त त्या घराच्या अंगवळणी पडली होती.

बद्रुद्दीन यांचे थोरले बंधू कमरुद्दीन इंग्लंडला जाऊन सॉलिसिटर झाले. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर म्हणून मान्यता मिळालेले ते पहिले भारतीय. भावाचे हे यश धाकट्याने जवळून पाहिले आणि पंधराव्या वर्षी मनाशी ठरवले की आपण बॅरिस्टर व्हायचे. मुंबईत तोवर एकही भारतीय बॅरिस्टर झालेला नव्हता. ज्या वाटेवर आपल्यातले कुणीच गेलेले नाही, ती वाट या मुलाने निवडली.

डोळ्यांनी दगा दिला

ध्येय ठरले आणि अडचणही लगेच उभी राहिली. बद्रुद्दीन यांचे डोळे अधू होते. १८६० मध्ये ते निघाले ते आधी फ्रान्सला, डोळ्यांवर उपचार घेण्यासाठी. तेव्हा सुएझचा कालवा झाला नव्हता. तो खुला झाला १८६९ मध्ये. मुंबईहून निघालेला प्रवासी बोटीने सुएझला उतरे, तिथून रेल्वेने इजिप्त ओलांडून अलेक्झांड्रियाला जाई आणि पुन्हा दुसरी बोट पकडे. सोळा वर्षांच्या आतल्या मुलासाठी तो प्रवास म्हणजेच एक परीक्षा होती.

फ्रान्समधले उपचार झाल्यावर ते लंडनच्या हायबरी न्यू पार्क कॉलेजात दाखल झाले. १८६३ मध्ये लंडन विद्यापीठाची वाट धरली आणि मिडल टेंपलमध्ये नाव नोंदवले. मिडल टेंपल ही लंडनमधल्या चार जुन्या वकिली संस्थांपैकी एक. तिथे नुसती पुस्तके वाचून सनद मिळत नसे. ठरावीक सत्रे तिथे हजेरी लावावी लागे. त्यात संस्थेच्या दालनात बसून जेवण घेण्याचाही नियम होता. त्यामुळे मध्येच सोडून गेले तर घरी बसून अभ्यास भरून काढणे शक्य नव्हते. गेलेला वेळ गेलाच.

आणि नेमके तेच घडले. वाचनाच्या ताणाने दृष्टी आणखी बिघडली. १८६४ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईला परतावे लागले. वय वीस, डोळे साथ देत नाहीत, सनद हाती नाही.

त्या वेळची मुंबई कशी होती, तेही ध्यानात घ्यावे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला होता आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मुंबईत पैशाचा पाऊस पडत होता. शेअर घेण्याची साथच आली होती. व्यापारी घरातल्या तरुणाला पेढीवर बसण्यासाठी याहून चांगली सबब मिळाली नसती. डोळे बिघडले म्हणून परत आला, असेच लोक म्हणाले असते आणि कुणी दोषही दिला नसता. मग १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि कालचे लखपती रस्त्यावर आले.

बद्रुद्दीन यांनी जवळपास वर्षभर विश्रांती घेतली आणि १८६५ च्या अखेरीस पुन्हा बोट पकडली. त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोलाचा निर्णय मला वाटतो. पहिल्या खेपेस निघताना पाठीशी उत्साह असतो, घरचे निरोप द्यायला येतात. दुसऱ्या खेपेस निघताना सोबत अपयशाची आठवण असते. तरी ते गेले. राहिलेली सत्रे पूर्ण केली आणि एप्रिल १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई हायकोर्टात त्यांनी वकिली सुरू केली. तेवीस वर्षांचा हा तरुण तिथला पहिला भारतीय बॅरिस्टर होता.

कोर्टातली पहिली पायरी

मुंबई हायकोर्ट स्थापन होऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती. शहरातले मोठे दावे थेट हायकोर्टाच्या ज्या शाखेत चालत, तिथे बॅरिस्टर सगळे युरोपियन. पक्षकार आपला दावा घेऊन सॉलिसिटरकडे जाई आणि सॉलिसिटर बॅरिस्टर नेमत असे. म्हणजे सनद असली तरी सॉलिसिटरने विश्वास टाकल्याशिवाय काम मिळत नसे. सुरुवातीच्या काळात थोरल्या भावाची सॉलिसिटरची पेढी उपयोगी पडली. पण भावाने दिलेले काम फार तर दार उघडते. आत टिकायचे तर न्यायाधीशासमोर उभे राहून स्वतःच बोलावे लागते.

इथे बद्रुद्दीन यांचा कस लागला. मुद्देसूद मांडणी, पुराव्यावर पकड आणि तोल न सोडता बोलण्याची पद्धत यांमुळे त्यांचे नाव झाले. आजच्या वाचकाला हे किरकोळ वाटेल. पण मुंबईच्या व्यापाऱ्याने आपली लाखाची मालमत्ता एका भारतीय वकिलाच्या भरवशावर सोडणे, ही तेव्हा नवी गोष्ट होती. त्यांच्या मागून फिरोजशहा मेहता आले, काशिनाथ त्रिंबक तेलंग आले, आणि पुढे तर भारतीय वकिलांची रांगच लागली. पहिल्या माणसाने चुकून पाऊल घसरू दिले असते, तर मागच्यांची वाट अवघड झाली असती.

वैयक्तिक ध्येय म्हणून पाहिले तर इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. बॅरिस्टर व्हायचे होते, झाले. पैसा आला, मान आला. पुष्कळांची ध्येये या मुक्कामावर निवृत्त होतात. बद्रुद्दीन यांनी मात्र स्वतःला पुढचा प्रश्न विचारला. मला वडिलांमुळे शिकता आले. ज्यांच्या वडिलांकडे साधन नाही आणि धीरही नाही, त्या मुलांचे काय?

अंजुमनची उभारणी

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, पण त्याचा लाभ घेणाऱ्यांत मुस्लिम मुले अगदी तुरळक होती. मुंबईचा मुस्लिम समाजही एकसंध नव्हता. कोकणी, मेमन, खोजा, बोहरा, दख्खनी अशा प्रत्येकाची जमात वेगळी, भाषा वेगळी, मशिदी आणि दफनभूमीही बहुधा वेगवेगळ्या. सगळ्यांनी मिळून एखादी शाळा काढावी, असे व्यासपीठच नव्हते.

१८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली. बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन हे दोघे भाऊ, कोकणी मुस्लिम समाजातले मोठे व्यापारी नाखुदा मोहंमद अली रोगे आणि गुलाम मोहंमद मुन्शी ही त्यातली प्रमुख नावे. एका संस्थेत सुलेमानी बोहरा आणि कोकणी सुन्नी एकत्र बसले, हेच त्या काळी मोठे पाऊल होते.

पण संस्था स्थापन होणे आणि शाळा सुरू होणे यांत सहा वर्षे गेली. अंजुमनची पहिली शाळा उघडली १८८० मध्ये. मधली सहा वर्षे म्हणजे बैठका, वर्गणी, सरकारदरबारी अर्ज, घरोघरी मनधरणी. आई-बाप मुलगा शाळेत घालायला तयार नाहीत, धर्म बुडेल म्हणून काहींचा विरोध, पैसा तर कायमच अपुरा. बद्रुद्दीन यांनी यावर सरळ उपाय शोधला. शाळेत उर्दू आणि धर्मशिक्षण राहील, त्याबरोबर इंग्रजी आणि गणितही राहील. ज्या मिश्रणातून ते स्वतः घडले होते, तेच त्यांनी समाजापुढे ठेवले. लोकांच्या भीतीची त्यांनी टिंगल केली नाही. ती भीती गृहीत धरून त्यांनी शाळेची घडी बसवली.

स्वतःच्या पदांचा उपयोगही त्यांनी याच कामी केला. १८७३ पासून ते मुंबई महापालिकेत होते, १८७५ पासून विद्यापीठाच्या सिनेटवर, १८८२ मध्ये प्रांताच्या कायदे मंडळावर नेमले गेले. महापालिकेत बसल्यावर शाळांच्या अनुदानाचे नियम कळतात, सिनेटवर बसल्यावर अभ्यासक्रम कसा ठरतो ते कळते. ज्याला या गोष्टी कळतात त्याचा अर्ज सहसा फेटाळला जात नाही.

आज मुंबईला जाणारा कुणीही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या बाहेर आला की समोर घुमट आणि कमानींची एक देखणी जुनी इमारत दिसते. तीच अंजुमन-ए-इस्लामची शाळा. ही इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे संस्था स्थापन झाल्यापासून हक्काचे छप्पर मिळायला एकोणीस वर्षे लागली. या एकोणीस वर्षांत कितीदा तरी हे काम आपल्याच्याने होणार नाही, असे म्हणायची संधी होती. आज अंजुमनच्या नव्वदहून अधिक शिक्षणसंस्था आहेत आणि त्यांत सर्व धर्मांची मुले शिकतात.

तीन मित्र आणि एक अधुरी गोष्ट

सार्वजनिक जीवनात फिरोजशहा मेहता, काशिनाथ तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी ही त्रयी मुंबईत गाजली. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकाचा वाद पेटला. भारतीय न्यायाधीशाला युरोपियन आरोपीचा खटला चालवू द्यावा की नाही, असा तो प्रश्न. त्या वेळी टाउन हॉलच्या सभेत हे तिघेही बोलले. जानेवारी १८८५ मध्ये तिघांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले.

१८८७ मध्ये मद्रासच्या तिसऱ्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बद्रुद्दीन यांच्याकडे आले. देशाच्या कामात मुसलमानांनी इतरांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहावे, ही त्यांची भूमिका होती. योगायोग असा की त्याच दिवसांत लखनौमध्ये सर सय्यद अहमद खान यांनी काँग्रेसविरुद्ध जाहीर भाषण केले. अलीगढचे कॉलेज उभारणारे सर सय्यद हे बद्रुद्दीन यांनाही आदरणीय होते. शिक्षणाबाबत दोघे एकाच विचाराचे, राजकारणात मात्र वाटा वेगळ्या. दोघांत बराच पत्रव्यवहार झाला, पण मन वळवणे जमले नाही.

मुस्लिम समाज काँग्रेसपासून दूर राहतो आहे हे पाहून बद्रुद्दीन यांनी १८८८ मध्ये दोन गोष्टी सुचवल्या. एखाद्या विषयाला हिंदू किंवा मुस्लिम प्रतिनिधींचा जवळजवळ एकमुखी विरोध असेल, तर तो विषय काँग्रेसने चर्चेला घेऊ नये, ही पहिली. अलाहाबादच्या अधिवेशनात हा नियम मान्य झाला. दुसरी सूचना अधिक धक्कादायक होती. काँग्रेसचे काम निदान पाच वर्षे थांबवावे, असे त्यांनी ह्यूम यांना पत्राने कळवले. ती सूचना कुणी मानली नाही आणि पुढचा इतिहास पाहता मानली नाही हे बरेच झाले.

हा प्रसंग टाळून बद्रुद्दीन यांचे चरित्र अधिक चकचकीत करता आले असते. पण ध्येयाच्या गोष्टीत अपुरे राहिलेले ध्येयही सांगायला हवे. शाळेच्या कामात ज्या माणसाने एकोणीस वर्षे धीर धरला, तोच माणूस इथे डगमगला. कारण शाळा उभारताना विटा आपल्या हाती असतात. दोन समाजांची मने एकाच्या हाती नसतात. एक मात्र खरे. राग मनात धरून त्यांनी कुणाशी संबंध तोडले नाहीत. सर सय्यद यांनी सुरू केलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेचे अधिवेशन १९०३ मध्ये मुंबईत भरले, तेव्हा अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी होते. सर सय्यद जाऊन तोवर पाच वर्षे झाली होती.

टिळकांचा जामीन

जून १८९५ मध्ये बद्रुद्दीन हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. ही जागा मिळालेले ते पहिले मुस्लिम. राजकारणातून त्यांना बाजूला व्हावे लागले, पण दोन वर्षांतच एक खटला त्यांच्यासमोर आला.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या काळात रँड यांचा खून झाला. त्यानंतर ‘केसरी’तल्या लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवून जुलैअखेर त्यांना अटक झाली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टातही पहिला अर्ज फेटाळला गेला. वातावरण असे की टिळकांची बाजू घेणारा प्रत्येक जण सरकारच्या नजरेत संशयित ठरत होता.

ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा अर्ज झाला. टिळकांच्या बाजूने दिनशा दावर उभे राहिले आणि अर्ज आला न्यायमूर्ती तय्यबजींसमोर. इंग्रज सरकारने नेमलेले न्यायाधीश, धर्माने मुसलमान. टिळकांच्या गणेशोत्सवावरून आणि १८९३ च्या दंगलीनंतरच्या लेखनावरून मुस्लिम समाजात नाराजी होती. नाही म्हणायला त्यांच्याकडे सबबी पुष्कळ होत्या आणि आधीच्या नकाराचा आधारही होता. त्यांनी जामीन मंजूर केला. आरोपी खटल्याच्या वेळी हजर राहील की नाही, हा जामिनाचा खरा प्रश्न आहे, आणि बचावाची तयारी करण्याची संधी आरोपीला मिळायला हवी, हे तत्त्व त्यांनी पाळले.

पुढे खटला दुसऱ्या न्यायाधीशांपुढे चालला. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा भारतीयांनी निर्दोष, आणि टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. जामिनाने निकाल बदलला नाही. पण त्या काही आठवड्यांत टिळकांना बाहेर राहून बचाव उभा करता आला. काळाचा खेळ पाहा. त्या दिवशी टिळकांसाठी जामीन मागणारे दावर पुढे न्यायाधीश झाले आणि १९०८ मध्ये त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. खुर्चीवर बसल्यावर कोण कसा वागतो, हे सांगता येत नाही. तय्यबजी मात्र खुर्चीवरही तेच राहिले. पंधराव्या वर्षी त्यांनी बॅरिस्टर व्हायचे ठरवले होते. तो काळा गाऊन नेमका कशासाठी असतो, हे त्या ऑगस्टमध्ये मुंबईने पाहिले.

घरापासून सुरुवात

मुलींच्या शिक्षणाबाबत आणि पडद्याबाबत त्यांची मते त्या काळच्या मानाने फार पुढची होती. अशी मते सभेत मांडणारे इतरही होते, पण आपल्या मुलींची वेळ आली की गप्प बसत. बद्रुद्दीन यांनी आधी आपल्या मुलींना शाळेत घातले. १९०४ मध्ये तर दोन मुलींना इंग्लंडच्या निवासी शाळेत पाठवले. १९०३ च्या शिक्षण परिषदेत त्यांनी स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली, तेव्हा त्यामागे घरचा दाखला होता. टीका झाली. पण जो स्वतःच्या घरात करून बसला आहे, त्याला ढोंगी म्हणता येत नाही.

या घराण्याची पुढची पिढीही वाया गेली नाही. पुतणे अब्बास तय्यबजी बडोद्याच्या हायकोर्टाचे न्यायाधीश होते. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाल्यावर सत्तरी ओलांडलेल्या अब्बास यांनी धारासण्याचे नेतृत्व स्वीकारले आणि तुरुंगवास पत्करला. बद्रुद्दीन यांचे धाकटे बंधू अमिरुद्दीन यांनी आपल्या एका पोरक्या भाच्याला वाढवले. तो भाचा म्हणजे पक्षितज्ज्ञ सलीम अली.

१८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची कैफियत घेऊन एक तरुण वकील मुंबईत आला. न्यायमूर्ती रानडे यांनी त्याला तय्यबजींकडे धाडले आणि तय्यबजींनी फिरोजशहा मेहतांकडे. न्यायाधीश असल्यामुळे स्वतः पुढे येता येत नव्हते, पण योग्य दार कोणते हे सांगता येत होते. तो तरुण म्हणजे मोहनदास गांधी.

१९०२ मध्ये काही काळ बद्रुद्दीन हंगामी मुख्य न्यायाधीश होते. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. ऑगस्ट १९०६ मध्ये रजेवर लंडनला असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ज्या शहरात त्यांनी सनद मिळवली, त्याच शहरात त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

आपल्यासाठी काय?

आपल्या गावातही आज कुठल्यातरी घरात पंधरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा काहीतरी ठरवत असेल. डॉक्टर, फौजदार, वकील, शिक्षक. त्यांना तय्यबजींच्या आयुष्यातून चार गोष्टी घेता येतील.

ध्येय नेमके असावे. मोठे व्हायचे, असे त्यांनी म्हटले नाही. बॅरिस्टर व्हायचे, असे म्हटले. त्यामुळे कुठे जायचे आणि किती दिवस लागतील, हे ठरवता आले. दुसरी गोष्ट, थांबावे लागले म्हणजे संपले असे नाही. डोळ्यांना विश्रांती हवी होती ती दिली, आणि पुन्हा बोट पकडली. परीक्षा हुकली, आजारपण आले, घरी अडचण आली म्हणून शाळा सोडलेल्या प्रत्येकाने १८६५ ची ती दुसरी बोट लक्षात ठेवावी. तिसरी गोष्ट, काम एकट्याने होत नाही. भावाची पेढी, रोगे यांच्यासारखे सहकारी, मेहता आणि तेलंग यांच्यासारखे मित्र त्यांनी जोडले आणि जोडताना पंथ-धर्म पाहिला नाही. चौथी गोष्ट, स्वतःपुरते मिळवलेले यश अर्धेच असते. आपण चढलेली शिडी मागच्यासाठी धरून ठेवली की ते पुरे होते.

रमजानमध्ये जकात काढतो, शेजाऱ्यांना इफ्तारला बोलावतो, तेव्हा आपल्या ताटातले दुसऱ्याच्या ताटात जाते. तय्यबजींनी आपल्या शिक्षणाची अशीच जकात काढली. ईदच्या खरेदीसाठी यंदा मुंबईला जाणे झाले, तर टर्मिनसबाहेरच्या त्या कमानींसमोर दोन मिनिटे थांबा. सोबत मुले असतील तर त्यांना सांगा, ही इमारत व्हायला एकोणीस वर्षे लागली.